कोड तिथे कागद

आत्याचं कोठार बंद झालं तर जावयाच्या पदरात एक खोली पडणार होती. लहानशीच, पण तिला खिडकी होती, खिडकीबाहेर झाड होतं, आणि मुख्य म्हणजे दाराला आतून कडी होती. सध्या तो बसत होता ती जागा फ्रीज आणि पाण्याचं पिंप यांच्या मधली. फ्रीज झोपेत दचकल्यासारखा अधूनमधून घुरघुरायचा. ज्याला तहान लागेल तो जावयाच्या खांद्यावरून हात घालून ग्लास भरायचा, भरता भरता त्याच्या स्क्रीनवर काय चाललंय ते वाचायचा, आणि जाताना एखादी सूचना करून जायचा. मोठ्या कंपनीतलं चांगलं काम सोडून सासऱ्याच्या ऑफिसात आलेला माणूस, मालकाच्या एकुलत्या एका लेकीचा नवरा, आणि त्याला मिळाला फ्रीजचा शेजार. खोली मिळाली की शांतता मिळणार, शांततेच्या मागोमाग मान येणार, आणि मान आला की बायको घरी गेल्यावर "आज फ्रीज काय म्हणाला?" असं विचारायची थांबणार. एका खोलीत एवढं सगळं मावत असेल तर माणूस धडपडणारच. त्यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं.

अडचण एकच होती. त्या खोलीत आत्या बसायची.

आत्या म्हणजे मालकाची थोरली बहीण. लेक आत्या म्हणते म्हणून सगळं ऑफिस आत्या म्हणायचं, आणि ऑफिस म्हणतं म्हणून गिऱ्हाईकंही. मालकाला सगळे साहेब म्हणत. आत्या तेवढी बाळू म्हणायची, आणि तेही शक्यतो गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना.

ऑफिसचं काम मोठमोठ्या लॉन्ड्र्यांसाठी सॉफ्टवेअर करण्याचं. कुठली चादर कुठल्या हॉटेलची, ती कोणत्या मशीनमध्ये किती वेळ फिरणार, कोणत्या गाडीतून परत जाणार, हे सगळं स्क्रीनवर दिसावं आणि स्क्रीनवरूनच चालावं. आता असलं सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुणी स्वतः लिहीत बसत नाही. तारखांचा हिशेब करणारा तुकडा जगात कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, बारकोड वाचणारा दुसऱ्या कुणी, टायमर लावणारा तिसऱ्या कुणी. अशा तयार तुकड्याला लायब्ररी म्हणतात आणि ती बहुधा फुकट मिळते. फुकटाबद्दल आत्याचं मत ठाम होतं. "पाहुणा आपल्या खर्चानं आला म्हणून काय झालं? घरात घेताना कुठून आलास, काय करतोस, एवढं विचारायला नको?"

हे विचारण्याचं खातं म्हणजे कोठार. बाहेरची कुठलीही लायब्ररी वापरायची तर आधी तिचा मूळ कोड आत्याकडे जमा करायचा, आणि त्याच्यासोबत तिचा कागद. कागद म्हणजे ती लायब्ररी वापरायची कशी, याची लिहिणाऱ्यानंच दिलेली माहिती. असायची ती कॉम्प्युटरवरची फाइलच, पण ऑफिसात तिला कागदच म्हणत. कोड ज्या आवृत्तीचा, कागद त्याच आवृत्तीचा, आणि दोन्ही एकाच खणात, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या एकाच फोल्डरात. "कोड तिथे कागद," आत्या म्हणायची. "एकदा जोडी लागली की लागली. नवी आवृत्ती आली तर तिचा संसार वेगळा, खण वेगळा. ह्याची बायको त्याच्या घरी असं चालायचं नाही."

खणांची नावंही आत्यानं ठेवलेली. जी लायब्ररी आपल्यामागे आणखी पाचपंचवीस लायब्रऱ्या घेऊन येते ती 'लेकुरवाळी'. जिचा लिहिणारा कंटाळून निघून गेला ती 'पोरकी'. दर आवृत्तीला स्वभाव बदलणारी 'लहरी'. आणि बाहेरून आणून, आपल्या सोयीनं थोडी बदलून, कायमची ठेवून घेतलेली एक होती, ती 'घरजावई'. पहिल्या दिवशी जावई कोठार बघायला आला आणि नेमका त्याच खणापाशी थांबला.

"ते तुमच्या आधीपासूनचं आहे हो, जावईबापू," आत्या म्हणाली. "मनावर घेऊ नका."

"नाही घेतलं."

"आणि त्याची कधी तक्रार नाही. गुणाचा आहे. फक्त न विचारता हात लावला की बिथरतो."

जावई हसला. पण त्या दिवसापासून खोलीत शिरताना तो दारात थबकायचा, हे ऑफिसातच काम करणाऱ्या लेकीच्या लक्षात आलं होतं.

कोठार नीटनेटकं होतं, फक्त ते आत्याशिवाय कुणाला उघडत नसे. कुलूप नव्हतं. पण तारखांची लायब्ररी 'लहरी'त आहे की 'जुनी लहरी'त, हे कळायला आत्याला विचारावंच लागायचं. आणि विचारायचं म्हणजे तिच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायचं. उभ्याउभ्या विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही हा आत्याचा नियम. बसलं की आधी आईचे गुडघे कसे आहेत, घरमालकानं रंग दिला का, लग्नाचं कुठवर आलं, हे सगळं सांगायचं, मग आत्या खण उघडायची. कोठाराच्या दाराशी ही अशी जकात होती. ऑफिसमध्ये सगळ्यांत उंच म्हणून ज्याला लांबू म्हणत तो प्रोग्रामर तर म्हणायचा, "माझ्या घरात काय चाललंय ते मला आत्याकडून कळतं." या व्यवहारात कोठाराला काय मिळायचं कोण जाणे, आत्याला मात्र दिवसभर माणसं मिळायची. घरी तिची वाट बघणारं दारावरच्या कुलपाखेरीज कुणी नव्हतं.

खोलीत आणखी एक वस्तू होती. एक जुना सोफा. साहेब जेवण झालं की "आत्याशी जरा महत्त्वाचं बोलायचंय" म्हणून आत जायचे, दार लोटायचे, आणि थोड्याच वेळात ते महत्त्वाचं बोलणं एका लयीत बाहेर ऐकू यायला लागायचं. त्या वेळात आत्या कीबोर्डही हलक्या हातानं वापरायची. बाळू लहानपणापासून असाच दुपारी झोपतो, एवढंच ती म्हणायची.

साहेबांचा स्वभाव म्हणाल तर कुणाला नाही म्हणायचं नाही. खोलीबद्दल जावयानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघू. तुमची व्यवस्था लागली तर कोठाराला वेगळी खोली हवीच कशाला?" आत्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, "बघू. तुझ्या खोलीला कोण हात लावतंय?" दोघांनाही त्यांचं 'बघू' हे 'हो'सारखं ऐकू आलं. साहेब दोन्ही 'बघू' देऊन सोफ्यावर आडवे झाले.

जावयाची व्यवस्था खरोखर चांगली होती. त्यानं स्क्रीनवर एक शोधायचं पान केलं. त्यात लायब्ररीचं खरं नाव टाकलं की कागद समोर. ना स्टूल, ना गुडघे. फक्त करता करता त्याला खटकलं, की कोठारात एकेका लायब्ररीचे तीन तीन, चार चार जुने कागद पडून आहेत. शोधलं की सगळे एकदम समोर येत आणि पान गिचमिड दिसे. त्यानं ठरवलं, कोड राहू दे जिथे आहे तिथे, कागद मात्र प्रत्येकीचा एकच ठेवायचा, सगळ्यांत ताजा. जुनं वाचायला कुणाला वेळ आहे?

साहेब म्हणाले, "करा. पण आत्याला विचारा."

त्यानं विचारलं. आत्याचं दार त्याच्या खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर, आणि ते उघडंच होतं. त्यानं मेसेज पाठवला. 'जुन्या आवृत्त्यांचे कागद काढून ताजे ठेवतोय. यादी सोबत. आपली काही हरकत?'

आत्यानं मेसेज वाचला. तिचं डोकं वळलेलं त्याला दारातून दिसलं. तिनं स्टुलावरची फाइल उचलून टेबलावर ठेवली, म्हणजे स्टूल मोकळं केलं, आणि वाट बघत बसली. जावई फ्रीजपाशी बसून उत्तराची वाट बघत राहिला. घरी निघायच्या वेळी उत्तर आलं. 'ठीक.'

"आत्या ठीक म्हणाली?" लेकीनं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "नुसतं ठीक?"

"हो. उगाच घाबरवत होतीस."

"अरे, आत्या ज्या दिवशी नुसतं ठीक म्हणते ना, त्या दिवशी बाबा डबासुद्धा बाहेर बसून खातात."

"तू हरकत काढू नकोस आता. तिनंच लिहिलंय."

"लिहिलंय म्हणूनच सांगतेय. बोलली असती तर काळजी नव्हती."

पण काम झालं आणि सगळ्यांना आवडलं. हवा तो कागद चुटकीसरशी मिळायला लागला. लोक जावयाला चांगलं म्हणू लागले, पाणी भरताना सूचना करायच्या ऐवजी शाबासकी देऊ लागले. स्टूल मात्र रिकामं पडलं. आत्या त्यावरची धूळ पुसायची, परत पुसायची. एकदा लांबू सवयीनं येऊन बसला तर म्हणाली, "काही काम आहे?"

"नाही, आईचे गुडघे सांगायला आलो होतो."

"ते तुमच्या त्या पानात टाक. शोधणाऱ्याला सापडतील."

एके दिवशी आत्या दाताच्या डॉक्टरकडे गेलेली बघून जावई टेप घेऊन खोलीत शिरला. टेबल खिडकीला आडवं बसेल की उभं, हे पाहायचं होतं. तो गुडघ्यावर बसून भिंत मोजत असताना मागून आवाज आला.

"पडदे कुठल्या रंगाचे घेताय?"

आत्याचा गाल सुजलेला होता, त्यामुळे ती हसतेय की काय ते कळेना. जावई टेप गुंडाळत उठला. "सहज बघत होतो."

"बघा की. फक्त सोफ्यामागची भिंत ओली असते, तिकडे वायर नेऊ नका. मी एकदा नेली होती." आणि ती जाऊन आपल्या खुर्चीत बसली. जावयाला ते बोलणं टोमण्यापेक्षा जास्त लागलं. पण खोली ती खोली. महिनाअखेरीला ती मिळणार असं साहेबांचं 'बघू' जवळजवळ झालं होतं.

त्याच आठवड्यात लांबूनं एका लॉन्ड्रीसाठी ड्रायरची नवी स्क्रीन पुरी केली. ही लॉन्ड्री दोन गल्ल्या सोडून होती. चालवणाऱ्या बाई उंचीनं बेताच्या, पण मशीनच्या घरघरीवर मात करून बोलायची सवय असल्यामुळे फोन कानापासून लांब धरावा लागायचा. त्यांच्याकडे ओळीनं ड्रायर होते. आतापर्यंत प्रत्येकाला त्याचं त्याचं जुनं बटण होतं, ते फिरवून वेळ लावायची. आता सगळे ड्रायर एकाच स्क्रीनवरून चालणार होते. लांबूला टायमरची लायब्ररी हवी होती. त्यानं जावयाच्या पानावर शोधली, कागद समोर आला. कागदात स्वच्छ लिहिलेलं, की एकाच वेळी हवे तितके टायमर लावा. लांबूनं लावले. ऑफिसात एक खोटा ड्रायर जोडून पाहिला, उत्तम चालला. सकाळी लॉन्ड्रीत बसवलं, जुनी बटणं काढून भंगारात दिली, आणि तो परत येऊन पाणी पितोय तोच फोन वाजला.

"तुमच्या सॉफ्टवेअरला कुठे जायचंय का?" बाईंचा आवाज फोनमधून फ्रीजपर्यंत आला. "चादरी आत गेल्या नाहीत तोवर म्हणतंय झालं. मी हात लावून बघते तर पाणी गळतंय."

लांबू आणि जावई धावत गेले. प्रकार विचित्र होता. एक ड्रायर सुरू केल्याबरोबर बंद पडायचा, एक थोडा वेळ चालून, आणि शेवटचा मात्र पूर्ण वेळ शहाण्यासारखा फिरायचा. जावयानं वायरी तपासल्या. मशीनवाला मेकॅनिक बोलावला, तो म्हणाला मशीन ठणठणीत आहे. लांबू पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कागदात लिहिलंय हवे तितके लावा." जावयानं स्वतः कागद वाचला. लिहिलंच होतं. जुना प्रोग्राम परत घालावा तर तो जुन्या बटणांशी बोलायचा, आणि बटणं भंगाराच्या गाडीत बसून केव्हाच गेली होती.

इकडे धुणाऱ्या मशीनना यातलं काही माहीत नव्हतं. त्या आपल्या धूत होत्या. ओल्या चादरींचा ढीग बाईंच्या खांद्याइतका झाला.

"संध्याकाळी वसतिगृहाची गाडी येते," बाई म्हणाल्या. "दोनशे मुली आज चादरीशिवाय झोपणार की काय? तुमच्या ऑफिसला गच्ची आहे ना?"

"आहे, पण..."

"मग मी ढकलगाड्या पाठवते."

एकच ड्रायर सतत चालू ठेवला, अंगणात मावल्या तेवढ्या चादरी तिथे टाकल्या, बाकीच्या ऑफिसात आल्या. गच्ची भरली. मग जिन्याचा कठडा भरला. मग खुर्च्यांच्या पाठी, कपाटांची दारं. साहेब बाह्या सरसावून एका टोकाला उभे राहिले, दुसऱ्या टोकाला लेक, आणि दोघं चादरी पिळत झटकत राहिले. "बाबा, पिळायची उलट्या दिशेनं," लेक सांगत होती, "आपण दोघं एकाच बाजूला पिळतोय, म्हणून काही गळत नाहीये." साहेबांचा शर्ट भिजून अंगाला चिकटला. दुपार झाली तरी त्यांना सोफ्याची आठवण काढायला सवड मिळाली नाही, आणि मिळून उपयोग नव्हता, कारण सोफ्यावरही चादरी होत्या.

शेवटी जावई आत्याच्या खोलीशी आला. दारात चादर वाळत होती. ती बाजूला सारून आत शिरला, तर खिडकीच्या गजांनाही चादरी, आणि मधे पंखा लावून आत्या बसलेली. खोली तंबूसारखी दिसत होती.

तो उभा राहिला. मग स्टुलावर बसला.

आत्यानं चष्मा काढला. "आईचं कसं काय?"

"बरी आहे. तिला डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलंय." हे त्यानं ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. "आत्या, ती टायमरची लायब्ररी. आपण वापरतो ती आवृत्ती. एका वेळी किती टायमर चालतात?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"पाठ असतं तर कोठार कशाला मांडलं असतं? त्या आवृत्तीच्या कागदात असेल."

पंख्यानं चादर हलली, तिचा ओला काठ जावयाच्या मानेला लागला, तरी तो सरकला नाही.

"तो कागद मी पुसून टाकला," तो म्हणाला. "आता आहे तो नव्या आवृत्तीचा. कोड जुना आणि कागद नवा. लांबूनं कागदावर विश्वास ठेवला."

"लिहिणाऱ्याच्या साइटवर जुना असेल."

"नाही. त्यानंही फक्त ताजा ठेवलाय."

"म्हणजे तुमच्यासारखाच टापटिपीचा दिसतोय." आत्यानं चष्मा पुसला. मग म्हणाली, "यादीत होता का तो?"

"होता."

"मग मीही उघडली नाही यादी. ठीक लिहिलं ते न वाचता लिहिलं. दार उघडं होतं, स्टूल मोकळं होतं, म्हटलं येतील विचारायला. आला नाहीत. मग म्हटलं, पडू दे तोंडावर."

"तुम्ही एक हाक मारायची होती."

"तुम्ही चार पावलं यायचं होतं."

"मला वाटलं, आलो की तासभर जाईल."

"गेला असता," आत्या म्हणाली. "आता दिवस गेला. सरका इकडे. कागद नाही, कोड तर आहे ना? तो काही तुम्ही ताजा केला नाहीत."

"करताही येणार नाही. नवा कोड लॉन्ड्रीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. आता ही लायब्ररीही लेकुरवाळी झालीय." हा शब्द त्याच्या तोंडून प्रथमच आला. आत्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिनं खण उघडला. त्या आवृत्तीचा मूळ कोड जसा आला होता तसा तिथे होता. ती आपल्या गतीनं वाचायला लागली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत, भाजी निवडल्यासारखी. जावयाला ते बघवेना. "मी बघू?" म्हणून त्यानं माउस घेतला आणि भराभर खाली गेला. "सावकाश," आत्या म्हणाली, "आत्ता एक गेलं तुमच्या हातून. वर घ्या." तो वर आला. जरा वेळ पाहत राहिला.

"हे बघा. टायमर ठेवायला जागाच एक आहे. दुसरा लावला की पहिल्याला बाहेर काढतो, आणि बाहेर काढताना सांगतो, झालं."

"म्हणजे दुसरा ड्रायर लावला की पहिला बंद."

"आणि तिसरा लावला की दुसरा. म्हणून शेवटचा तेवढा नीट चालतो. आणि आम्ही तपासलं ते एकाच ड्रायरवर."

"एकाच खुर्चीवर सगळे बसायला गेले म्हणा की," आत्या म्हणाली. "आता?"

"प्रत्येकाला त्याची खुर्ची द्यायची. एकेका ड्रायरला लायब्ररीची वेगळी प्रत चालू करून देतो, म्हणजे कुणी कुणाला उठवणार नाही." तो तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या, आत्याचा कीबोर्ड ओढून लिहायला लागला. आत्यानं उठून खिडकीची चादर थोडी सरकवली, त्याच्या हातावर उजेड पडावा म्हणून. लिहून झाल्यावर लांबू ते घेऊन पळाला. थोड्या वेळानं बाईंचा फोन आला. फोन कानाला लावायची गरज पडली नाही, उघड्या खिडकीतूनही ऐकू आलं असतं इतक्या मोठ्यानं त्या म्हणाल्या, "फिरतायत! सगळे!"

वसतिगृहाची गाडी जरा उशिरा गेली, पण भरून गेली. गच्चीवरच्या चादरी घडी घालताना साहेब, लेक, लांबू, सगळे रांगेत होते. जावई आणि आत्या एका चादरीची दोन टोकं धरून एकमेकांकडे चालत यायचे, काठाला काठ लावायचे, परत मागे जायचे. घडी घालताना बोलावं लागत नाही, म्हणून दोघांना ते बरं पडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खोलीचा विषय काढला. म्हणजे तो निघू नये म्हणून ते फार घाईनं दुसरं काहीतरी बोलत होते.

"बाळू," आत्या म्हणाली, "गेलेले कागद परत उभे करायचे आहेत. लिहिणाऱ्यांना पत्रं टाकायची. मिळतील ते मिळतील, बाकीचे कोड वाचून आपणच लिहायचे. मला वाचायला वेळ लागतो आणि ह्यांच्या हातून ओळी निसटतात. एकट्याचं काम नाही. जावईबापूंचं टेबल माझ्या खोलीत येऊ दे."

"पान राहील," जावई घाईनं म्हणाला. "माझं शोधायचं पान. पण आवृत्ती सांगितल्याशिवाय ते कागद दाखवणार नाही."

"राहू दे की. आणि खणांची नावं?"

"ती पण टाकतो. लहरी म्हणून शोधलं तरी सापडेल."

"घरजावई?"

"तोही," जावई म्हणाला. लेकीनं खोकल्याचं निमित्त केलं.

"पण दोन टेबलं," साहेब खोलीत डोकावून म्हणाले. "दोन टेबलं कशी मावतील? बघू आपण, सवडीनं..."

"बघू नाही," आत्या म्हणाली. "मी पाहिलंय, ह्यांनी मोजलंय. टेबल बसतं. सोफा निघाला की."

साहेबांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. दोघांची मतं जुळलेली असण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती नेमकी इथे. लांबूनं सोफ्याचं एक टोक उचललं होतं.

आता हिशेब. लॉन्ड्रीच्या बाईंचं काही गेलं नाही. उलट त्यांच्या चादरींबरोबर ऑफिसचा एक टॉवेलही गेला, तो अजून परत आलेला नाही. लांबूचे खांदे चार दिवस दुखले, पण बसून सांगायला त्याला स्टूल परत मिळालं. त्या टायमरच्या लिहिणाऱ्याला आपल्यामुळे कुणाच्या जिन्यावर चादरी वाळल्या याची गंधवार्ता नाही. जावयाचं पत्र पोचल्यावर त्यानं आपल्या जुन्या कपाटातून कागद काढून पाठवला आणि वर आभारही मानले, कारण जुन्या आवृत्तीची चौकशी करणारं त्याला आजवर कुणी भेटलं नव्हतं. आत्यानं अर्धी खिडकी दिली आणि दिवसभराची सोबत घेतली. जावयाला खोली अर्धीच मिळाली आणि आतली कडी तर लावताच येत नाही, कारण स्टुलावर सतत कुणीतरी असतं. रोज सकाळी त्याला आईच्या डोळ्यांचा अहवाल द्यावा लागतो, तो तो देतो, आणि आत्यानं सांगितलेल्या डॉक्टरकडेच ऑपरेशन झालं.

राहिला सोफा. तो दुसरीकडे कुठे मावला नाही. फ्रीज आणि पाण्याचं पिंप यांच्या मध्ये मात्र चपखल बसला. दुपारी साहेब त्यावर आडवे होतात, फ्रीज दचकतो, साहेब दचकतात, ज्याला तहान लागेल तो त्यांच्यावरून हात घालून ग्लास भरतो आणि थेंब पडला तर सॉरी म्हणतो. संध्याकाळी घरी निघताना लेक चपला घालते आणि विचारते, "बाबा, आज फ्रीज काय म्हणाला?"

दोन 'बघू' दिले होते त्यांनी. दोन्हींची भरपाई त्यांनी एकट्यानं केली.